ऑपरेशन झालं, मग आता शेक कशाला?

पत्र: "मॅडम, आम्ही केज तालुक्यातले. अण्णा म्हणजे माझे वडील, वय ५४. तंबाखू-चुना तरुणपणापासून. उजव्या गालात जखम झाली ती भरेना, तुकडा तपासला तर कॅन्सर निघाला. पोळा झाल्यावर संभाजीनगरला ऑपरेशन झालं. गाल काढून छातीचं मांस लावलं, मानेतल्या गाठीही काढल्या. तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, दुसरी स्टेज दिसतीय, ऑपरेशनवर भागेल असं वाटतंय. आता मोठा रिपोर्ट आला. मानेतल्या ३४ गाठींपैकी २ मध्ये कॅन्सर आहे आणि त्यातल्या एकीचं कवच फुटलेलं आहे. फाईलवर आता चौथी स्टेज लिहिलीय. सहा आठवडे शेक आणि सोबत किमो सांगितलीय. अण्णा म्हणतात, कापून काढलंय ना, मग राहिलं काय? नाना (चुलते) म्हणतात, हे डॉक्टर दर वेळी नवीन काहीतरी काढतात. नानांच्या ओळखीचा एक जण झाडपाल्याचं औषध देतो. सोयाबीन काढणीला आलंय. दिवाळी झाली की बघू, असं घरात ठरलंय. ऑपरेशनला चौथा आठवडा चालू आहे. डॉक्टरांचं चुकलं का? चौथी स्टेज म्हणजे संपलंच का? अण्णांना स्टेजचं सांगितलेलं नाही. – नाव छापू नये."

तुमचं पत्र सदरात येईपर्यंत थांबण्यासारखं नव्हतं, म्हणून हे उत्तर तुम्हाला आधी पाठवलं. पण बीड, परभणी, हिंगोली, जालना, कुठूनही येणाऱ्या पत्रांत हा प्रश्न या ना त्या रूपात असतोच, म्हणून तुमची परवानगी घेऊन इथे छापते आहे.

आधी निकाल सांगते, कारणं नंतर. दिवाळीची वाट बघू नका. तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झाल्यावर शेक, म्हणजे रेडिएशनचे किरण, द्यायचे असतील तर ते सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावेत, हा सगळीकडचा दंडक आहे. तुमचा चौथा आठवडा चालू आहे. हातात दोन आठवडे दिसतात खरे, पण त्यातही तयारीची कामं आहेत. दातांच्या डॉक्टरांकडून तोंड तपासून घ्यायचं आणि किडलेले, हलणारे दात आधीच काढून घ्यायचे. काढलेल्या जागा भरायला दहा ते चौदा दिवस लागतात. मग चेहऱ्याचा मास्क बनवायचा, त्यावर सीटी स्कॅन करायचा, आणि शेक कुठे किती द्यायचे याचा नकाशा डॉक्टर आणि फिजिसिस्ट (किरणांचं मोजमाप करणारे तज्ज्ञ) मिळून काढतात, त्याला आणखी काही दिवस. म्हणजे उद्या निघालात तरच गणित जमतं. दिवाळीनंतर गेलात तर ऑपरेशनला दोन महिने उलटलेले असतील आणि एवढ्या अवघड ऑपरेशनचा बराच फायदा हातचा जाऊ शकतो.

आता नानांचा आक्षेप. डॉक्टरांनी आधी एक सांगितलं, नंतर दुसरं. तुमच्या पत्रात जे लिहिलंय त्यावरून मला यात डॉक्टरांची चूक दिसत नाही.

ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांच्या हातात काय होतं? हातांनी चाचपून केलेली तपासणी, गालातला छोटासा तुकडा, आणि स्कॅन. मानेतल्या गाठी म्हणजे लिम्फ नोड, त्या प्रत्येकाच्या मानेत असतातच. स्कॅनवर अशी गाठ मोठी झालेली दिसते, पण आठ-दहा मिलिमीटरच्या गाठीत कॅन्सरच्या पेशी शिरल्यात की नाही, हे स्कॅन खात्रीनं सांगू शकत नाही. त्या वेळी जी स्टेज सांगतात ती अंदाजाची स्टेज असते, आणि "असं वाटतंय" हे डॉक्टरांचे शब्द तुम्हीच पत्रात लिहिलेत. ऑपरेशनमध्ये काढलेला सगळा भाग मग पॅथॉलॉजीत जातो. तिथे गालाच्या तुकड्याच्या कडा शाईनं रंगवतात, म्हणजे कॅन्सर कडेपासून किती दूर आहे ते मोजता येतं. मानेतल्या चरबीतून एकेक गाठ बोटांनी शोधून काढतात, तिचे पातळ काप करतात आणि प्रत्येक काप सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. अण्णांच्या मानेतून अशा ३४ गाठी सापडल्या, याचा अर्थ सर्जननं मान नीट साफ केली आणि पॅथॉलॉजिस्टनं कष्टानं शोधलं. त्या ३४ मध्ये २ सापडल्या आणि एकीत रोग कवच फोडून बाहेर आलेला दिसला. ही माहिती ऑपरेशनच्या आधी जगातल्या कुठल्याही दवाखान्यात मिळाली नसती.

आणखी एक गोष्ट तुमच्या घरात कुणीतरी विचारेल: मानेत हाताला काही लागत नव्हतं, मग मान कापलीच कशाला? पूर्वी बऱ्याच ठिकाणी कापत नव्हते. गालाचं किंवा जिभेचं ऑपरेशन करायचं आणि मानेकडे लक्ष ठेवायचं, गाठ आली तर तेव्हा बघू, अशी पद्धत होती. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलनं यावर मोठा अभ्यास केला, तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. सुरुवातीच्या टप्प्यातल्या तोंडाच्या कॅन्सरमध्ये ज्यांची मान पहिल्याच ऑपरेशनमध्ये साफ केली त्यांच्यातले ८० टक्के तीन वर्षांनी हयात होते. गाठ येण्याची वाट बघितलेल्या गटात हे प्रमाण ६७.५ टक्के होतं. तंबाखू-सुपारीचा रोग आपल्याकडे किती आहे हे जगाला माहीत आहेच, पण त्याचा इलाज कसा करावा हेही आता आपल्या रुग्णांवरच्या अभ्यासातून जग शिकतंय. अण्णांची मान तेव्हा उघडली नसती तर त्या दोन गाठी आज आतच राहिल्या असत्या.

कवच फुटलेली गाठ हा रिपोर्टमधला सगळ्यात महत्त्वाचा शब्द. इंग्रजी रिपोर्टवर 'एक्स्ट्रानोडल एक्स्टेन्शन' असं लिहिलेलं असेल. गाठ कवचात बंद असते तोवर सर्जन ती अख्खी उचलून बाहेर काढतो. कवच फुटलं की काही पेशी आजूबाजूच्या मांसात शिरलेल्या असू शकतात. त्या डोळ्यांना दिसत नाहीत, हाताला लागत नाहीत आणि स्कॅनमध्येही येत नाहीत. अण्णा शेतकरी आहेत, त्यांना कुंद्याचं सांगा. काळ्या रानात नांगर घालून कुंदा उपटला तरी तुटलेली मुळी खाली राहते आणि पाऊस पडला की ती पुन्हा फुटते. "कापून काढलंय, मग राहिलं काय?" याचं उत्तर ती मुळी. शेक त्या मुळीसाठी आहेत.

सोबत किमो का, हेही सांगते. २००४ मध्ये अमेरिकेतला एक आणि युरोपातला एक, असे दोन मोठे अभ्यास एकाच वेळी प्रसिद्ध झाले. ऑपरेशननंतर कवच फुटलेली गाठ किंवा कडेला राहिलेला रोग सापडला, तर नुसत्या शेकांपेक्षा शेकांसोबत सिस्प्लॅटिन नावाचं औषध दिल्यास रोग परत येण्याचं प्रमाण कमी होतं, असं त्यातून पुढे आलं. तेव्हा ते औषध तीन आठवड्यांतून एकदा, मोठ्या डोसात देत. ते झेपणं अवघड जातं. पुढे दर आठवड्याला लहान डोस देऊन बघितलं. टाटाच्या एका अभ्यासात फारच लहान साप्ताहिक डोस कमी पडला. नंतर जपानमध्ये थोडा वाढवलेला साप्ताहिक डोस ऑपरेशन झालेल्या रुग्णांत मोठ्या डोसाच्या तोडीचा ठरला, हे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालं. म्हणून तुमच्या शेजारच्या खाटेवरच्या माणसाला तीन आठवड्यांनी सलाईन लावत असतील आणि अण्णांना दर आठवड्याला, तर "यांना वेगळं, आम्हाला वेगळं का" म्हणून घाबरू नका. दोन्ही रीती आहेत. तुमच्या डॉक्टरांना जरूर विचारा, अण्णांसाठी कोणती आणि का.

चौथी स्टेज. हा आकडा घरात बॉम्बसारखा पडतो, मला माहीत आहे. पोटाच्या किंवा फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये लोकांनी चौथी स्टेज ऐकलेली असते, म्हणजे अंगभर पसरलेला, इलाज संपलेला. तोंडाच्या आणि गळ्याच्या कॅन्सरमध्ये चौथ्या स्टेजचे तीन भाग आहेत, ए, बी आणि सी. शरीरात लांब, म्हणजे फुप्फुसात, हाडात रोग गेला तर ती सी. अण्णांचा रोग मानेपुढे गेल्याचं तुमच्या पत्रात कुठे नाही. स्टेज ठरवण्याच्या, २०१८ पासून वापरात असलेल्या नव्या नियमांत कवच फुटलेल्या गाठीला फार वजन दिलंय. एकाहून जास्त गाठींत रोग आणि त्यातल्या एकीचं जरी कवच फुटलेलं, तर स्टेज थेट चौथी बी होते. जुन्या नियमांनी हाच रिपोर्ट साधारण चौथ्या ए मध्ये बसला असता. रोग महिन्याभरात दुसरीतून चौथीत पळाला, असं अजिबात झालेलं नाही. तो पहिल्या दिवसापासून तेवढाच होता, आता नीट मोजला गेला.

पण मी तुम्हाला गोड गोड सांगून पाठवणार नाही. कवच फुटलेली गाठ असली की रोग परत येण्याची शक्यता जास्त असते. म्हणूनच तर शेक आणि किमो दोन्ही सांगितलीय. इलाज बरं करण्याच्या हेतूनंच चाललाय, आणि तो हेतू टिकवायचा तर पुढचे सहा आठवडे एकही खाडा न पडता पार पडले पाहिजेत.

त्या सहा आठवड्यांत काय होतं ते आधीच सांगून ठेवते, कारण इलाज अजूनही बदलेल आणि नानांना पुन्हा तेच वाटेल.

सुरुवात मास्कपासून. पांढरी, जाळीदार प्लास्टिकची शीट गरम पाण्यात मऊ करून अण्णांच्या चेहऱ्यावर आणि खांद्यावर पसरतील. कोमट लागते, भाजत नाही. दहा-पंधरा मिनिटांत ती चेहऱ्याच्या आकारात कडक होते. शेक घेताना रोज तोच मास्क टेबलाला पक्का लावतात म्हणजे मान केसभरही हलत नाही. त्या खोलीत पेशंट एकटा असतो. मशीन डोक्याभोवती फिरतं, काही लागत नाही, दुखत नाही. बाहेर कॅमेऱ्यातून बघत असतात, हात वर केला की मशीन थांबवून आत येतात. हे अण्णांना आधी सांगा. मोठमोठी धीराची माणसं पहिल्या दिवशी त्या मास्कखाली घाबरतात, ते कुणी सांगितलेलं नसतं म्हणून. आणि आपल्याकडे याला शेक, लाईट, करंट असं काहीही म्हणत असले तरी यात वीज अंगातून जात नाही, माणूस भाजून निघत नाही, आणि घरी आल्यावर नातवंडांना जवळ घ्यायला काही हरकत नसते.

आठवड्याचे पाच दिवस, सोमवार ते शुक्रवार, साधारण ३० ते ३३ वेळा. पहिल्या आठवड्यात काहीच जाणवत नाही. दुसऱ्याच्या शेवटी चव जाते, तोंड लाल होतं, थुंकी चिकट दोऱ्यासारखी होते. तिसऱ्या-चौथ्यात तोंड येतं, गिळताना डोळ्यांत पाणी येतं, मानेची कातडी काळवंडते. शेवटचा आठवडा आणि संपल्यानंतरचे दोन आठवडे सगळ्यात वाईट. माणसं चौथ्या आठवड्यात पळून येतात. "शेकांनी जाळून टाकलं" म्हणत गावाकडे येतात आणि मग आठ-दहा दिवसांनी पुन्हा जातात. खाडा पडला की त्या दिवसांत उरलेल्या पेशी पुन्हा वाढतात. एकेका दिवसाच्या खाड्यानं रोग आटोक्यात येण्याची शक्यता साधारण एक-दीड टक्क्यानं घटते. म्हणून तोंड आलं तर घरी येऊ नका, शेक देणाऱ्या डॉक्टरांना तोंड दाखवा. बधिर करणारं औषध, दुखण्याच्या गोळ्या, लागलं तर तोंडावाटे मॉर्फिन, हे सगळं मिळतं आणि ते मागून घ्यायचं असतं. दुखणं सोसणं ही काही मर्दुमकी नाही, हे अण्णांना माझ्याकडून सांगा. मीठ आणि खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याच्या गुळण्या पहिल्या दिवसापासून, दिवसातून सहा-सात वेळा.

जेवणावर मी जास्त बोलणार आहे, कारण घरच्यांच्या हातात असलेली ही सगळ्यात मोठी गोष्ट. ज्वारीची भाकरी आणि ठेचा काही महिने विसरायचं. दुधात कुस्करलेली मऊ भाकरीसुद्धा चौथ्या आठवड्यात जात नाही. मुगाच्या डाळीचं घट्ट वरण, भाताची पेज, नाचणीची खीर, आंबट नसलेलं दही, अंडं चालत असेल तर पूर्ण उकडून बारीक कुस्करलेलं, शेंगदाण्याचं बारीक कूट दुधात घोटून. तिखट, आंबट, गरम काही नको. दर दोन तासांनी थोडं थोडं. दर सोमवारी वजन करा आणि वहीत लिहा. वजन उतरायला लागलं तर डॉक्टर नाकातून नळी घालायला सांगतील. या नळीला घरातले फार भितात, शेवट आला असं समजतात. ती काही आठवड्यांची सोय आहे. नळीतून देताना अण्णांना बसवायचं किंवा उशा लावून डोकं उंच करायचं, पातळ केलेलं अन्न फडक्यातून गाळून घ्यायचं, ५० मिलीच्या सिरिंजनं हळूहळू सोडायचं, दट्ट्या जोरात दाबायचा नाही. शेवटी थोडं स्वच्छ पाणी सोडून नळी धुवायची, आणि अर्धा तास आडवं होऊ द्यायचं नाही. मात्र नळी असली तरी दिवसातून काही घोट पाणी तोंडानं गिळायला लावा. गिळणं थांबवलं की गिळण्याचे स्नायू महिन्याभरात विसरतात.

आता बदल. वजन फार उतरलं तर मास्क सैल होतो आणि नकाशा चुकतो. मग डॉक्टर मध्येच नवा मास्क, नवा स्कॅन करतील. रक्तातल्या पेशी घटल्या किंवा क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) वाढलं तर त्या आठवड्याची किमो थांबवतील, कारण सिस्प्लॅटिन मूत्रपिंडावर आणि कानांवर ताण देतं. कानात घंटी वाजल्यासारखं वाटलं तर अण्णांनी लगेच सांगायचं. सिस्प्लॅटिन झेपतच नसेल तर दुसरं औषध निवडतील. अशा रुग्णांमध्ये शेकांसोबत डोसेटॅक्सेल दिल्यानं फायदा होतो, हेही टाटाच्याच अभ्यासातून कळलंय. यातला कुठलाही बदल झाला की सोबत गेलेल्या माणसानं एवढंच विचारायचं: "आज नवीन काय कळलं, म्हणून हे बदललं?" चांगला डॉक्टर या प्रश्नाचं दोन वाक्यांत उत्तर देतो. उत्तर मिळालं नाही, तर दुसरं मत घ्यायला अजिबात संकोच करू नका. फक्त ते शेक सुरू ठेवून घ्या.

झाडपाल्याबद्दल थोडक्यात. शेक आणि किमो चालू असताना कुठलंही पोटात घ्यायचं औषध डॉक्टरांना न सांगता नको, काढा नको, भस्म तर मुळीच नको. सिस्प्लॅटिन आणि अशी औषधं मिळून मूत्रपिंडं बसलेली मी बघितली आहेत. आणि अण्णांच्या कमरेला चंची अजून असेल तर ती आजच काढून घ्या. शेक चालू असताना तंबाखू चालू राहिली तर शेकांचा असर कमी होतो आणि तोंडात दुसरीकडे नवा कॅन्सर उगवण्याचा धोका राहतो. एकट्याच्यानं सुटत नसेल तर १८००११२३५६ या सरकारी क्विटलाइनवर फोन करा, फुकट आहे.

पैशाचं: महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. ऑपरेशन, शेक आणि किमो यांची मंजुरी वेगवेगळी घ्यावी लागते, त्यामुळे पुन्हा कागद मागितले तर तो कुणाचा डाव नाही. रेशनकार्ड, आधार आणि पॅथॉलॉजीचा रिपोर्ट घेऊन दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भेटा. अडलं तर १५५३८८ वर विचारा. राहण्याची अडचण असेल तर ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांनाच विचारा, शेक जवळ कुठे घेता येतील का. केजहून बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल संभाजीनगरपेक्षा जवळ पडतं. तिकडे जायचं ठरलं तर ऑपरेशनची नोट, पूर्ण रिपोर्ट आणि स्कॅनच्या सीडी सोबत न्या, नुसता डिस्चार्ज कागद नको. रेल्वेनं जाणार असाल तर कॅन्सरच्या रुग्णाला इलाजासाठी स्लीपर आणि थ्री एसीत पूर्ण सवलत आहे, सोबतच्याला ७५ टक्के. दवाखान्याचं सर्टिफिकेट लागतं.

शेक संपल्यावर "सगळं झालं" असं कुणी म्हणत असेल तर तेही खरं नाही. लगेच स्कॅन मागू नका. आतली सूज रोगासारखी दिसते आणि फुकटची घबराट होते, म्हणून बहुतेक डॉक्टर तीन महिने थांबतात. पहिल्या वर्षी दर एक-दोन महिन्यांनी दाखवायचं, दुसऱ्या वर्षी दोन-तीन महिन्यांनी, मग हळूहळू अंतर वाढतं. रोग परत यायचाच असेल तर बहुतेक वेळा पहिल्या दोन वर्षांतच येतो, म्हणून त्या काळातली एकही तारीख चुकवायची नाही. अण्णांना बरं वाटतंय, मग कशाला जायचं, असं घरात बोललं जाईल. बरं वाटत असतानाच जायचं. नवी जखम, आवाज बसणं, कानात दुखणं, मानेत कडक लागणं, यातलं काहीही दोन आठवडे राहिलं तर तारखेची वाट न बघता जायचं.

तोंड उघडण्याचा व्यायाम आजपासून. स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का, हे रोज बघायचं. दोनच जात असतील तर आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायच्या आणि आठवड्याला एकेक काडी वाढवायची. सुपारी-तंबाखूनं आधीच आखडलेलं तोंड शेकांनी आणखी आखडतं, आणि एकदा बंद झालं की उघडणं फार कठीण. मान साफ केलेल्या बाजूचा खांदा उतरतो, हात वर जात नाही. फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम शिकून घ्या, नाहीतर अण्णांना पुढच्या हंगामात विळा धरणं जड जाईल. थायरॉइडची रक्ततपासणी दर सहा ते बारा महिन्यांनी. आणि जन्मभरासाठी एक सूचना: शेक घेतलेल्या जबड्यातला दात कुठल्याही दवाखान्यात सहज उपटून घ्यायचा नाही. हाड न भरता सडू शकतं. आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारायचं.

आणि रोग परत आलाच तर? तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असणार. तेव्हाही आधी बघतात की पुन्हा ऑपरेशन होतं का. नसेल होत, तर इलाजाचा हेतू बदलतो, आयुष्य वाढवणं आणि दुखणं आटोक्यात ठेवणं हा हेतू होतो. तिथेही गेल्या काही वर्षांत बरंच पुढे गेलंय. टाटाच्या डॉक्टरांनी रोज घ्यायच्या स्वस्त गोळ्यांसोबत निव्होल्युमॅब हे महागडं इम्युनोथेरपीचं (शरीराची प्रतिकारशक्ती कॅन्सरविरुद्ध जागी करणारं) औषध अगदी लहान डोसात देऊन बघितलं. नुसत्या गोळ्यांवर वर्षभरानंतर १६ टक्के रुग्ण हयात होते, सोबत लहान डोस दिलेल्यांत ४३ टक्के. सामान्य घराला परवडेल असा डोस शोधण्याचं हे काम आपल्या देशात झालं, याचा मला अभिमान वाटतो. पण आज हा विषय तुमच्या दारात आलेला नाही. आज शेकांची तारीख घ्यायची आहे.

शेवटचा प्रश्न, अण्णांना सांगायचं का. सांगा. मी चोपन्न वर्षांच्या, भानावर असलेल्या माणसापासून त्याचा रोग लपवण्याच्या बाजूची नाही. आकडा सांगायची घाई नको, पण मानेतल्या गाठीत रोग सापडला आणि तो मारायला शेक लागतात, हे त्यांना कळलंच पाहिजे. नाहीतर चौथ्या आठवड्यात तोंड आलेला माणूस कशाच्या जोरावर टेबलावर झोपायला जाईल? आकडा त्यांनी विचारला तर खरा सांगा आणि सोबत हेही सांगा की रोग मानेपुढे गेल्याचं रिपोर्टमध्ये नाही. तुम्हाला जमत नसेल तर डॉक्टरांना म्हणा, "आमच्यासमोर अण्णांना सांगा." आईलाही सोबत बसवा. सहा आठवडे पातळ करून भरवायचं तिलाच आहे आणि तिला कुणी काहीच सांगितलेलं नाही, असं तुमच्या पत्रावरून वाटतं.

नानांशी भांडू नका. भाऊ आजारी पडलाय आणि आपल्याला काही करता येत नाही, म्हणून ते बोलत असणार. पहिल्या भेटीला त्यांना सोबत न्या, रिपोर्ट त्यांच्या हातात द्या आणि 'नवीन काय कळलं, म्हणून हे बदललं?' हा वरचा प्रश्न त्यांनाच डॉक्टरांना विचारू द्या. सोयाबीन तर काढावंच लागणार आहे, आणि ते अण्णांना किंवा तुम्हाला काढता येणार नाही. नाना बघतील का, हे आज रात्रीच विचारून घ्या आणि उद्या सकाळी दवाखान्यात फोन करून दातांची आणि मास्कची तारीख मागा.